खुळखुळणारा व्हॉल्व्ह

चौकसराव विमा कंपनीच्या दावे खात्यात होते, आणि चूक कोणाची हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळत असे. चौकसराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या प्रश्न विचारण्याच्या खोडीवरून इमारतीतल्या लोकांनी ते ठेवलं होतं आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. चेपलेली दारं, फुटलेल्या काचा, वाटेत मोडलेला माल अशी प्रकरणं त्यांच्या टेबलावर येत. ते चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत आणि निकाल देऊन मोकळे होत. इतकी वर्षं निकाल दिल्यावर ती सवय संध्याकाळी ऑफिसच्या खुंटीला टांगून घरी येणं कोणालाही जमत नाही.

त्यामुळे बायको ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास होऊन आली तेव्हा पायातले बूट काढता काढताच त्यांनी निकाल दिला. परीक्षेत पांढऱ्या पट्ट्यापाशी गाडी थांबवायची होती. तिने ती थांबवली, आणि थांबल्याजागी इंजिन बंद पडलं. इन्स्पेक्टर एवढंच म्हणाला, "पुढचे कोण?"

"क्लचवरचा पाय लवकर उचललास," चौकसराव म्हणाले.

"मी पाय उचलला नव्हता."

"त्याशिवाय गाडी बंद पडत नाही."

आता ही बाई पेशाने शिंपीण. दिवसभर पुढच्या खोलीत मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवायची. मशीनच्या पायट्यावर केसभर दाब कमी-जास्त झाला तर टीप कुठे जाते हे तिला डोळे मिटून कळायचं. आपला पाय कुठे आहे हे जगात कोणाला माहीत असेल तर तिला. पण ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, अर्ध्या तासात मिटलं असतं. तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि कणीक मळायला गेली. दुसऱ्या परीक्षेची तारीख मंगळवारची मिळाली होती, पण ती परीक्षेचं नावच काढेना. चौकसरावांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "नाही जाणार मी. तुम्ही इतक्या खात्रीने बोलता की माझ्याच पायावरचा माझा भरवसा उडालाय."

हे ऐकून चौकसरावांना जरा लागलं, पण निकाल तो निकाल.

दोन दिवसांनी ते ऑफिसला निघाले असताना सिग्नलला थांबले. गाडी न्यूट्रलमध्ये, दोन्ही पाय खाली टेकलेले, हात मांडीवर. इंजिन दोनदा थरथरलं, कण्हलं आणि बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले. ही खरं तर शरमेची वेळ, पण चौकसरावांना आधी कुतूहल वाटलं. क्लचचा इथे संबंधच नव्हता. म्हणजे त्या दिवशीही नसणार. म्हणजे निकाल चुकला.

साधा माणूस त्या संध्याकाळी घरी येऊन "चुकलं बाई माझं" म्हणाला असता आणि विषय संपला असता. पण दावे खात्यात पुराव्याशिवाय निकाल फिरवत नाहीत. मंगळवारच्या आत खऱ्या गुन्हेगाराला पकडायचं, तो बायकोपुढे हजर करायचा आणि मगच बोलायचं, असं चौकसरावांनी ठरवलं. यात पुराव्याची शिस्त किती आणि जीभ जड होणं किती, हे आपण विचारू नये.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिलं, जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं आणि म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल."

"कशासाठी?"

"उतरवल्यावर कळेल."

चौकसरावांना ही पद्धत पसंत पडली नाही. त्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक माळ्यावरून काढलं. गाडी घेतल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटली होती. जेवताना, दात घासताना, ऑफिसात साहेबांच्या मीटिंगमध्ये मांडीवर धरून त्यांनी ते वाचलं, आणि शेवटी एका कोपऱ्यात त्यांना तो सापडला. पीसीव्ही व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढा. इंजिन चालताना त्याच्या पोटात थोडा वायू जमतो; तो बाहेर न सोडता पुन्हा इंजिनातच जाळायला पाठवायचा, एवढंच याचं काम. किती वायू सोडायचा ते हा ठरवतो. आणि हा उघडाच अडकून बसला तर इंजिनाला नको तेवढी हवा जाते आणि गाडी उभ्या उभ्या मरते. चौकसरावांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. उभ्या उभ्या!

"तो व्हॉल्व्ह?" मेकॅनिक दुसऱ्या गाडीखालून म्हणाला. "तो कोणी बघत नाही हो. बघायचाच असेल तर उपटा आणि हलवून बघा, लगेच कळतं." काय कळतं ते विचारायला चौकसराव वाकले, तोवर तो आणखी आत सरकला होता.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये चौकसरावांनी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडं दिसलं की माणसं जमतात. पाच मिनिटांत इमारतीचे सेक्रेटरी आले.

"पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे."

"मी दुरुस्ती करत नाही, पाहणी करतोय."

"पाहणीला कमिटीची परवानगी लागते."

"कमिटीत कोण कोण आहे?"

"सध्या मी एकटाच," सेक्रेटरी म्हणाले, आणि स्वतःशी जरा विचारविनिमय करून त्यांनी तोंडी परवानगी दिली. अट एकच, ते स्वतः हजर राहतील. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर छडीसारखी छत्री घेऊन उतरले आणि तळमजल्यावरच्या मावशींनी खिडकीतच खुर्ची ओढली.

व्हॉल्व्ह एका रबरी पाइपाच्या टोकाला, इंजिनाच्या झाकणात घट्ट बसला होता. चौकसरावांनी तो आधी बोटांनी ओढला, मग पकडीने. "पिळून काढा," हेडमास्तर म्हणाले. "नका पिळू, सरळ ओढा," सेक्रेटरी म्हणाले. "गरम पाणी ओता," खिडकीतून मावशी म्हणाल्या. त्यांचा जगातल्या सगळ्या अडचणींवर हाच उपाय होता. चौकसरावांनी तिघांचा मान राखून पिळत पिळत सरळ ओढला. व्हॉल्व्ह फट्‌कन हातात आला, पण ज्या रबरी कडीत तो बसला होता तिचा बिस्किटासारखा भुगा झाला, आणि त्यातले दोन तुकडे सगळ्यांच्या देखत इंजिनाच्या भोकात पडले.

सगळे भोकावर वाकले. मग हेडमास्तर म्हणाले, "मी पिळून काढा म्हटलं होतं, ओढा नव्हे."

पुढचा तास ते तुकडे काढण्यात गेला. चौकसराव हळूच वर जाऊन बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लांब चिमटा घेऊन आले. पहिला तुकडा निघाला. दुसरा निघता निघता पाइपाला कोपर लागलं आणि पाइप मधोमध तडकला. पाइपाची तारेची कडी टण्‌कन उडून गटाराच्या जाळीत गेली. एका अंगठ्याएवढ्या वस्तूची नुसती पाहणी करायला आलेल्या माणसाच्या हिशेबी आता तीन वस्तू मोडल्या होत्या. दुसरा तुकडा मात्र निघाला, आणि मावशींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

मग चौकसरावांनी व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला. काही आवाज नाही. सेक्रेटरींनी हलवला, हेडमास्तरांनी हलवला, मावशींनी खिडकीतून हात काढून हलवला. गप्प.

"म्हणजे आतून धड आहे," चौकसराव म्हणाले. "फक्त जुना झालाय, काजळी धरलीय. बदलून टाकू."

स्पेअर पार्टच्या दुकानात दोन्ही कड्या, पाइप आणि नवा व्हॉल्व्ह मिळाला. चौकसरावांनी पाकीट फोडलं, व्हॉल्व्ह कानाशी नेला आणि हलवला. खुळ्‌ खुळ्‌.

इथे दावे खात्याचा एक रिवाज सांगायला हवा. मोडक्या मालाचा दावा आला की खोकं उघडण्याआधी हलवून बघतात. आवाज आला नाही तर माल शाबूत, खुळखुळलं तर माल वाटेत मोडला, दावा मंजूर. चौकसरावांनी आजवर हजारो खोकी हलवली होती आणि या नियमाने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता.

"हा मोडलेला आहे," ते म्हणाले.

"नवा आहे साहेब, पाकीट आत्ता तुम्हीच फोडलंत."

"नवा आहे आणि मोडलेला आहे. वाहतुकीत मोडलाय. ऐका." खुळ्‌ खुळ्‌.

"सगळेच वाजतात हो."

"का वाजतात?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "ते नाही बुवा माहीत. मी फक्त विकतो."

दुसरं पाकीट फोडलं. खुळ्‌ खुळ्‌. "म्हणजे सगळा मालच खराब आलाय," चौकसराव म्हणाले, आणि दुकानदाराविषयी त्यांना खरोखर कळवळा वाटला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या भल्या माणसाने न मागता त्याच्या वतीने कंपनीच्या नावे तक्रार लिहून दिली. वाहतुकीतील हलगर्जीपणा, आतील भाग निखळणे, संपूर्ण खेप तपासण्याची शिफारस, खाली सही आणि हुद्दा. दुकानदाराच्या आयुष्यात त्याच्या बाजूने इतकं भारदस्त कोणी लिहिलं नव्हतं. त्याने दोन्ही व्हॉल्व्ह तक्रारीसकट एका पिशवीत घालून वर मोहोर मारली, आणि मग आतल्या फळीवर, जुन्या मालात हात घालून, धूळ फुंकून एक पाकीट आणलं. "हा बघा. हा अजिबात तोंड उघडत नाही."

चौकसरावांनी हलवला. गप्प. त्यांचा चेहरा उजळला.

रविवारी सकाळी व्हॉल्व्ह बसला, कड्या बसल्या, पाइप बसला. चौकसरावांनी हात धुतले, भांग पाडला आणि वर जाऊन बायकोला म्हणाले, "जरा खाली ये. एक गोष्ट दाखवायचीय."

ती आली. खांद्यावर मापाची टेप तशीच होती. सेक्रेटरी, हेडमास्तर आणि मावशी आधीपासून जागा धरून होते. चौकसरावांनी पार्किंगच्या फरशीवर खडूने एक पांढरा पट्टा ओढला होता. बायकोने पट्ट्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा आक्रसला.

"आता बघ," ते म्हणाले, आणि चाकामागे बसले. गाडी झोकात आली. पट्ट्यापाशी त्यांनी ब्रेक दाबला, क्लच पुरता दाबला, आणि आता बोलावं म्हणून काच खाली केली. इंजिन थरथरलं, कण्हलं आणि बंद पडलं.

"क्लच सोडलात," सेक्रेटरी म्हणाले.

"क्लचच," हेडमास्तर म्हणाले. "घाई केलीत. पाय लवकर उचललात."

"माझा पुतण्याही असाच करायचा सुरुवातीला," मावशी म्हणाल्या. "येईल हळूहळू."

"मी पाय उचललाच नव्हता!" चौकसराव ओरडले.

"त्याशिवाय गाडी बंद पडत नाही हो," सेक्रेटरी समजुतीने म्हणाले.

चौकसरावांनी पुन्हा काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांना बायको दिसली. ती हसत नव्हती. ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. हे वाक्य आपण कुठे ऐकलंय ते त्यांना आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आपण खरं बोलतोय, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि समोरची तीन भली माणसं आपली कीव करताहेत. यापुढे माणूस काय म्हणणार? ते गाडीतून उतरले, आणि चौघांनी मिळून गाडी ढकलत जागेवर लावली.

वर आल्यावर बायको म्हणाली, "हे सगळं काय चाललंय ते आता नीट सांगा." त्यांनी सांगितलं. सिग्नल, पुस्तक, व्हॉल्व्ह, रबराचे तुकडे. "तरीच माझ्या चिमट्याला तेल लागलंय," ती म्हणाली. मग जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिला. "पण ह्याच्या आत काय असतं?"

हा प्रश्न आपल्याला इतके दिवस का सुचला नाही, याचं चौकसरावांना नवल वाटलं. जगाला उभंआडवं विचारणारा माणूस, त्याने एका बंद डबीला ती हलवण्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं!

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, तिने पकडीत धरायचा आणि त्यांनी करवतीने कापायचा, असं ठरलं. दोनदा करवत घसरली, एकदा पकड घसरली, आणि मग डबीचे दोन भाग झाले. आत काळा डांबरासारखा चिकटा होता. त्यात एक स्प्रिंग, आणि खिळ्याच्या डोक्याएवढा एक दट्ट्या, पार रुतून बसलेला. बायकोने तो रॉकेलमध्ये बुडवला, जुन्या टूथब्रशने घासला, पुन्हा डबीत घातला आणि तुकडे बोटांनी जुळवून धरून हलवले.

खुळ्‌ खुळ्‌.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा मागेपुढे व्हायलाच हवा," ती म्हणाली. "इंजिन जसं ओढेल तसा. माझ्या मशीनची बॉबिनसुद्धा सैलच असते. घट्ट बसली की दोरा अडकतो."

"म्हणजे वाजतो तो जिवंत."

"आणि गप्प बसलेला मेलेला. हा मेला होता म्हणून तुम्ही काढलात, आणि दुकानातून निवडून निवडून दुसरा मेलेला आणलात."

चौकसराव खाली बसले. अपमान व्हायला हवा होता, पण मन भलतीकडेच धावत होतं. हजारो खोकी त्यांनी हलवली होती. त्यांतल्या कितींच्या आत काहीतरी मुळातच हलायचं असेल? घड्याळं, खुळखुळे, देव जाणे काय काय.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ते दुकानाकडे निघाले तेव्हा बायको बरोबर होती. चौकसरावांना पाहताच दुकानदाराने शटर निम्म्यावर ओढलं.

"वाजणारा द्या," बायको खाली वाकून म्हणाली.

"वाजणारे होते ते साहेबांनी नापास केले. मोहोर मारून ठेवलेत. तक्रार आहे त्यांच्यावर."

"तक्रार मीच लिहिली आहे," चौकसराव म्हणाले.

"म्हणूनच तर. इतकी जबरदस्त तक्रार आहे, मी पिशवीला हात कसा लावू? कंपनीचा माणूस येईल, तो ठरवेल."

"कधी येईल?"

"कंपनीचं दिवाळं निघालं नसेल तर येईल कधीतरी."

सकाळी परीक्षा. गावभर दुसरं दुकान नाही. चौकसरावांनी नियम सांगून पाहिले, हुद्दा सांगून पाहिला, पण त्यांच्याच तक्रारीपुढे त्यांचंच काही चालेना. ती खरोखरच उत्तम लिहिली होती. शेवटी दुकानदार म्हणाला, "तक्रार ज्याने केली त्यानेच मागे घ्यावी. खाली लिहून द्या, माल चांगला होता, तपासणाऱ्याची चूक झाली."

"'गैरसमज झाला' असं लिहिलं तर?"

"'चूक' लिहा," बायको म्हणाली.

चौकसरावांनी पेन काढलं. आयुष्यात हा शब्द त्यांनी अनेकदा लिहिला होता, पण त्याच्याआधी नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी नाव असायचं. काउंटरवर टेकून त्यांनी सावकाश लिहिलं. माल चांगला होता. आवाज हा दोष नाही. माझी चूक झाली. सही केली आणि पेनचं टोपण लावलं.

बायकोने कागदावर वाकून पाहिलं. "खाली अजून जागा आहे," ती म्हणाली.

चौकसरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती, पण फार नव्हे. त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि लिहिलं: 'क्लचबाबत दिलेला निकालही चुकीचा होता. पाय उचलला नव्हता.' आणि पुन्हा सही केली.

दुकानदाराने कागद उजेडात धरला. "हे कुठल्या पार्टचं?"

"घरच्या," बायको म्हणाली, आणि पिशवीतला व्हॉल्व्ह काढून तिने कानाशी नेला.

त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह तिनेच बसवला. सेक्रेटरींनी परवानगीचा विषय काढला नाही. इंजिन सुरू करून दोघं नुसते बसून राहिले, आणि ते कण्हलं नाही, थरथरलं नाही. मावशी खिडकीतून म्हणाल्या, "गरम पाणी ओतलं की नाही शेवटी?" कोणी खरं सांगितलं नाही.

मंगळवारी चौकसराव परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. पांढऱ्या पट्ट्यापाशी गाडी थांबली. त्यांनी कुंपणाची तार घट्ट धरली. गाडी थांबलेलीच राहिली आणि इंजिन चालूच राहिलं, इतक्या लांबून त्यांना ते ऐकू येत नव्हतं पण मागच्या नळीचा धूर दिसत होता. मग ती पुढे गेली, वळली, पुन्हा वळली आणि इमारतीमागे दिसेनाशी झाली. तिथून एक आवाज आला, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा.

थोड्या वेळाने बायको चालत बाहेर आली. तिच्या हातात मागच्या दिव्याची लाल काच होती.

"नापास," ती म्हणाली. तिचा चेहरा लग्नाच्या फोटोतही इतका खुलला नव्हता. "रिव्हर्स घेताना खांब पाडला. आरशात स्वच्छ दिसत होता, तरी पाडला. मी डावीकडे बघतच बसले."

"आणि इंजिन?"

"इंजिन काय, खांब पडला तरी बंद पडलं नाही! इन्स्पेक्टर म्हणाला, गाडी छान ठेवलीय. चूक सगळी माझी हो, शंभर टक्के माझी." तिने लाल काच त्यांच्या हातात दिली. "पुढच्या आठवड्यातली तारीख घेऊनच आले. तोवर रोज रिव्हर्स."

चौकसरावांच्या ओठांवर आरशाविषयी दोन-तीन मोलाच्या सूचना येऊन थांबल्या. रिव्हर्समध्ये मान कुठे वळवायची याबद्दल त्यांचं एक स्वतंत्र मतही होतं. पण इतकी वर्षं दावे खात्यात काढून, आपली चूक सांगताना इतकं खूश झालेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि हे असं कसं होत असेल याचं त्यांना मनापासून कुतूहल वाटलं.

"नेमकं काय वाटतं ग, असं म्हणताना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीही म्हणून बघा की रोज एकदा," ती म्हणाली, आणि गाडी आणायला वळली.